माऊस कोणाच्या हातात?

आमच्या गल्लीत सकाळी नऊ वाजता भाजीचा ठेला येतो. काही दिवसांपूर्वी मी सांबार निवडत उभी होते, तर समोरच्या घरातली सून आली. तिला दोन लेकरं. मुलगी चौथीत, मुलगा दुसरीत.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या पोट्ट्याले मोबाईलमधलं सगळं येते. मलेच तो शिकवते. आता मागच्या लाइनीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला म्हणतात. कोडिंग का काय ते शिकवतात. लावून देऊ का?"

मी विचारलं, "आणि मुलीला?"

"तिचं पाहू नंतर. ती शहाणी आहे बिचारी, मोबाईलच्या नादी नाही लागत."

भाजी घेऊन घरी आले, पण ते "तिचं पाहू नंतर" काही डोक्यातून जाईना. कारण मैत्रिणींनो, हे वाक्य तिचं नाही, माझंच आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी ते माझ्या घरात म्हटलं होतं.

२००३ साल असेल. मी तेव्हा एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पतसंस्थेचं कर्ज काढून आम्ही घरात कॉम्प्युटर घेतला. तेव्हा तो म्हणजे केवढी मोठी गोष्ट! हॉलमध्ये खास टेबल आणलं, त्यावर तो ठेवला आणि वरून मी क्रोशाचं कव्हर घातलं. मुलगा आठ वर्षांचा होता, मुलगी सहा. "दादाला करू दे, तू बघ. तुझा हात लागून काही बिघडलं म्हणजे?" हे मी किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. मुलाने त्या यंत्राचं काय नाही केलं! गेम टाकले, दोनदा पूर्ण बंद पाडलं, दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलं. त्याला मी रागावले, पण उठवलं नाही. मुलगी स्टुलावर बसून बघत राहिली.

पुढे कॉलेजात गेल्यावर तिने इतरांसारखीच एमएस-सीआयटी केली. पहिल्या आठवड्यात घरी आली आणि म्हणाली, "आई, मला सगळं समजतं गं. पण माऊस धरला की वाटतं, आता माझ्या हातून काहीतरी बिघडणार." आज ती नोकरीत दिवसभर कॉम्प्युटरवरच काम करते, म्हणजे शिकली ती. पण ती भीती घालवायला तिला दोन वर्षं लागली. ती भीती तिला कॉम्प्युटरने दिली नव्हती, मी दिली होती.

म्हणून आज या विषयावर लिहावंसं वाटलं. पहिली ते चौथीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा का, हा प्रश्न आता मागे पडला आहे. तो शिकवला जाणारच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीच्या पुढे धरलं होतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ या वर्षापासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि त्यासाठी लागणारी विचाराची पद्धत शिकवण्याचं जाहीर केलं. प्रश्न आहे तो काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि कोणाला शिकवायचं हा. आणि या तिन्ही प्रश्नांत आपण आया गप्प बसून चालणार नाही.

आधी माझ्या शाळेतलं सांगते. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा बऱ्याच शाळांत हेच चित्र होतं. शाळेला चार-पाच कॉम्प्युटर मिळाले. त्यांच्यासाठी खोली रंगवली, दाराला कुलूप लावलं, किल्ली ऑफिसात. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, रांगेत उभं राहून बघायचं. त्यात भारनियमन. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं आमच्या उशाशी, पण तास असला की नेमकी लाइट जायची. मग आम्ही काय शिकवायचो? फळ्यावर मॉनिटर, की-बोर्ड, सीपीयू यांची चित्रं काढायचो, मुलं ती वहीत उतरवायची. "कॉम्प्युटरचे भाग दहा वेळा लिहा" हा गृहपाठ मी स्वतः दिला आहे. तिसरीतल्या एका मुलाने एकदा विचारलं, "बाई, हा चालू केव्हा होते?" वर्ग हसला, मीही हसले. त्याला उत्तर मात्र दिलं नाही.

आम्हा शिक्षकांनाही तेव्हा कुठे येत होतं? एमएस-सीआयटीशी वेतनवाढ जोडली गेली, तेव्हा पन्नाशीच्या बाई आणि गुरुजी संध्याकाळी क्लासला जाऊन बसले. प्रमाणपत्रं मिळाली. पण लहान मुलांना हे कसं शिकवायचं, ते त्या प्रमाणपत्रात नव्हतं.

मग नुसतं यंत्र मुलांच्या हवाली केलं तर? हेही जगाने करून पाहिलं आहे. २६ जानेवारी १९९९ ला दिल्लीत कालकाजीला सुगाता मित्रा यांनी आपल्या ऑफिसच्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूने एक कॉम्प्युटर बसवला. कोणी शिकवणारं नाही, कोणी रोखणारं नाही. मुलं आपणहून शिकली, एकमेकांना शिकवू लागली. या प्रयोगाचं जगभर कौतुक झालं, २०१३ मध्ये मित्रांना टेडचा पुरस्कारही मिळाला. पण मार्क वॉर्शॉअर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने २००२ साली दिल्लीतल्या अशाच एका ठिकाणाबद्दल लिहिलं की, मुलांना कळणाऱ्या हिंदीत तिथे काही नव्हतं, इंटरनेट क्वचितच चाले आणि मुलांचा जवळजवळ सगळा वेळ चित्रं रंगवण्यात आणि गेम खेळण्यात जाई. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलं हात चालवायला आपली आपण शिकतात. त्या हातांनी काय करायचं, ते कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर, जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. वीसेक मुलांची शाळा. त्याच्या आदल्या वर्षी केंद्र सरकारने ही योजना देशभर घ्यायला नकार दिला होता. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने मात्र ती मोठ्या प्रमाणावर घेतली, आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ साली तिथल्या तीनशेवर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत मुलांची काहीच प्रगती दिसली नाही. यंत्र पोचलं होतं, पण शिकवण्याची रीत तीच जुनी होती. आमच्या शाळेतल्या कुलूपबंद खोलीसारखंच की! फक्त इथे कुलूप खोलीला नव्हतं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून मुलांपर्यंत कविता, व्हिडिओ आणि प्रश्न पोचवले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले. डिसलेंना २०२० मध्ये दहा लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून दिली. तिथेही यंत्र साधंच होतं. पण कुठल्या मुलाला काय हवं, ते ओळखणारा शिक्षक त्या यंत्राच्या मागे उभा होता.

मी निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं होतील. वस्तीतल्या समाजभवनात दर रविवारी सकाळी मी दुसरी ते चौथीच्या मुलांना बसवते. पैसे घेत नाही. चार जुने कॉम्प्युटर आहेत, एका ऑफिसने काढून टाकलेले. माझ्या मुलाने ते मिळवून दिले आणि चालू करून दिले. मुलं पंधरा-सोळा येतात. म्हणजे एका यंत्रामागे चार जण. आता तुम्ही म्हणाल, यात काय शिकवणार? तेच सांगते.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडाचे नंदी सजवतात, दोरी धरून घरोघर नेतात, बोजारा मिळवतात. तो नंदी काही नांगर ओढत नाही. पण दोरी कशी धरायची, बैलाला कसं सजवायचं, ते त्या वयात मुलाच्या हातात बसतं. लहान मुलांचा कॉम्प्युटर तसाच असावा असं मला वाटतं. नोकरीचा नको, खेळातला हवा. पण दोरी मात्र मुलाच्या हातात हवी.

म्हणून पहिले दोन रविवार आम्ही यंत्राला हातच लावत नाही. फरशीवर खडूने चौकटी आखायच्या. एका चौकटीत संत्रं ठेवायचं. एक मूल यंत्र होतं आणि दुसरं त्याला हुकूम देतं. "दोन घरं पुढे. उजवीकडे वळ. एक घर पुढे. संत्रं उचल." यंत्र झालेल्या मुलाने सांगितलं तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. हुकूम चुकला की ते थेट भिंतीवर जाऊन धडकतं आणि सगळी मुलं खदाखदा हसतात. पण मग हुकूम देणारा स्वतःच म्हणतो, "थांबा बाई, माझं तिसरं चुकलं." बस्स. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, क्रमाने सांगायचे, चुकलं तर नेमकी कुठली पायरी चुकली ते शोधायचं. ज्याला कोडिंग कोडिंग म्हणतात, त्याचं मूळ एवढंच आहे. त्याला वीजही लागत नाही.

ही काही माझी अक्कल नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फोर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची कॉम्प्युटरची भाषा तयार केली. तिच्यात मुलं एका कासवाला हुकूम देतात, इतकी पावलं पुढे, इतकं वळ, आणि कासव रेषा काढत जातं. पॅपर्टचं म्हणणं असं की, कॉम्प्युटरने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने कॉम्प्युटरला शिकवावं. आणि हो, त्या तिघांतली सिंथिया ही बाई होती, हे मी आमच्या मुलींना आवर्जून सांगते. न्यूझीलंडमध्ये टिम बेल या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर यंत्राशिवाय कॉम्प्युटर शिकवण्याचे कितीतरी खेळ तयार केले आहेत.

तिसऱ्या रविवारी यंत्र. चालू कसं करायचं आणि बंद कसं करायचं, हे आधी. मग चित्रं. टक्स पेंट, जीकॉम्प्रीस असे मुलांसाठीचे कार्यक्रम फुकट मिळतात. माऊस हाताळायला चित्र काढण्यासारखा दुसरा धडा नाही. गोल काढता काढता बोटाला वळण लागतं. चित्र झालं की ते ठेवायचं कुठे? फोल्डर म्हणजे दप्तर. दप्तरात मराठीची वही वेगळी, गणिताची वेगळी, आणि प्रत्येक वहीवर नाव. हे मुलांना एका मिनिटात समजतं. उलट पदवी झालेली मोठी माणसं "माझी फाइल कुठे गेली?" म्हणून शोधत बसतात.

मग मराठी टायपिंग. यात मला स्वतःला फार मजा वाटते. बरेच जण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात. मी मुलांना इनस्क्रिप्ट शिकवते, कारण ती पद्धत आपल्या बाराखडीवरच बेतलेली आहे. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ख', 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ'. 'नागपूर' लिहायला सहा कळा. 'संत्रा' लिहायलाही सहाच, त्यात 'त्र' कसा होतो पाहा: त, मग पाय मोडायची कळ, मग र. पाटीवर जोडाक्षर चुकवणारी पोरं इथे ते आपल्या हाताने जोडतात आणि मग वहीतही चुकत नाहीत. इंग्रजी यायच्या आधी कॉम्प्युटर येत नाही, हा आपल्या मनातला मोठा गैरसमज आहे. दुसरीतल्या मुलाला आपल्या भाषेत आपलं नाव पडद्यावर दिसलं, की तो जो चेहरा करतो तो पाहण्यासारखा असतो.

आता मुख्य मुद्दा. चार मुलं आणि एक माऊस. पहिल्या वर्षी मी काही नियम केला नाही. म्हटलं, मुलं आपसात वाटून घेतील. तीन रविवारांत लक्षात आलं की चारही यंत्रांवर माऊस मुलग्यांच्या हातात आणि मुली मागे उभ्या. एक पोरगी तर फ्रॉकला हात पुसत माझ्याकडे आली, "बाई, हा मले माऊस देऊनच नाही राह्यला." तिला विचारलं, किती वेळ झाला? तर म्हणे मागच्या रविवारपासून! मला माझ्या घरातलं ते स्टूल आठवलं.

तेव्हापासून आमच्याकडे घड्याळ लावून काम चालतं. एक 'हात', एक 'डोकं'. हात माऊस धरतो, डोकं सांगतं, बाकीचे दोघं वहीत योजना काढतात. सात मिनिटं झाली की अदलाबदल. सुरुवात नेहमी मुलींपासून. आणि एक नियम शिक्षिकेसाठी, म्हणजे माझ्यासाठी: मूल अडलं तरी त्याच्या हातातून माऊस घ्यायचा नाही. तोंडाने सांगायचं. हा नियम पाळायला सगळ्यात कठीण, करून पाहा.

हा फक्त आमच्या समाजभवनातला प्रश्न नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना विचारलं गेलं. स्मार्टफोन वापरता येतो असं सांगणारी मुलं ८५ टक्के, मुली ७९ टक्के. ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असणारी मुलं ३६ टक्के, मुली २७ टक्के. ही दरी १४ व्या वर्षी अचानक पडते का? नाही. ती सहाव्या-सातव्या वर्षी पडते, "दादाला करू दे" इथून. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा: आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. म्हणजे "मोबाईलमधलं सगळं येते" याचा अर्थ काय, ते आपलं आपणच समजावं.

डोळ्यांचं काय, हा प्रश्न आया हमखास विचारतात आणि तो बरोबरच आहे. कोरोनात मार्च २०२० पासून दीड वर्षाहून जास्त काळ लहान मुलांच्या शाळा बंद होत्या. बाबांच्या खिशातला फोन हीच शाळा झाली आणि तो सुटता सुटेना. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे की, दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वयात दिवसाला एका तासाच्या आत आणि पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. त्यात टीव्ही आणि मोबाईल दोन्ही आले बरं का! स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाने २०२३ मध्ये शाळांत छापील पुस्तकं परत आणण्यासाठी वेगळे पैसे काढले. म्हणून माझा वर्ग दीड तासाचा असला तरी प्रत्येक मूल पडद्यासमोर अर्ध्या तासाहून जास्त नसतं. बाकी वेळ खडू, वही आणि बडबड. पहिली ते चौथीला आठवड्यातून एवढं पुष्कळ झालं. पुस्तक, मैदान आणि आजीची गोष्ट यांच्या वाटणीचा वेळ कॉम्प्युटरला द्यायचा नाही.

आणि सुरक्षिततेचे धडे याच वयात द्यावेत. आपलं पूर्ण नाव, पत्ता, शाळा, फोटो अनोळखी माणसाला द्यायचा नाही. आईच्या फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. काही विचित्र दिसलं तर पडदा बंद करून मोठ्यांना हाक मारायची. या शेवटच्या नियमाची दुसरी बाजू आपली आहे. मुलाने हाक मारली तर रागवायचं नाही. एकदा रागावलो, की पुढच्या वेळी ते हाक मारत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. पहिली पालकसभा होते तेव्हा आपण गणवेशाचं विचारतो, बसचं विचारतो. यंदा हेही विचारा. कॉम्प्युटरची खोली आठवड्यातून किती वेळा उघडते? एका यंत्रावर किती मुलं बसतात? माझ्या लेकराचा हात महिन्यातून किती वेळा माऊसला लागतो? मुलींची पाळी वेगळी धरता का? परीक्षा वहीत घेता की पडद्यावर? या प्रश्नांना शाळेने तयारीनिशी उत्तर दिलं तर चांगलंच. नाही दिलं, तरी पुढच्या वेळी त्यांना उत्तर शोधून ठेवावं लागेल. आणि शिक्षकांवर एकदम तुटून पडू नका. त्यांच्या डोक्यावर किती कामं असतात ते मी भोगलं आहे. एखाद्या पालकाने "मी शनिवारी तासाला मदतीला येते" म्हटलं, तर बाईंना किती बरं वाटेल!

पण मदतीला जायला आपल्याला यायला हवं ना? इथेच आपण अडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. त्यानंतर फोन घरोघर आले. पण व्हिडिओ पाहता येणं वेगळं आणि बँकेचा अर्ज स्वतः भरता येणं वेगळं. "मला नाही बाई समजत, आमचे हे करतात" असं आपण लेकीसमोर हसत हसत म्हणतो. ती ऐकत असते.

समोरच्या सुनेला मी सांगितलं, क्लास राहू दे, रविवारी दोघांनाही पाठव. दोघं आली. ज्याला "मोबाईलमधलं सगळं येते", त्या मुलाने मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवून ते सरकवायला सुरुवात केली! पडदा हलेना, तेव्हा म्हणाला, "बाई, हे खराब आहे." पोरगं हुशार आहे, दोन रविवारांत माऊस शिकलं. मुलगी मात्र हात मागे बांधून उभी. तिची पाळी आली तर मला विचारते, "बाई, माझ्या हातून बिघडलं तर?"

मी म्हटलं, "बिघडू दे. पाहू आपण."

हे वाक्य मला २००३ मध्ये म्हणायला हवं होतं. लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "आई, उशिरा का होईना!"

मागच्या रविवारी त्या मुलीने 'माझी आई' असं टाइप केलं, खाली एक चित्र काढलं आणि दप्तरात, म्हणजे फोल्डरमध्ये, नीट ठेवलं. तिची आई तिला न्यायला आली होती. चपला न काढता दारातच उभी. मुलगी तिला हाताला धरून आत घेऊन आली, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "मम्मी, आता तू उघड."

"मले नाही येत वं."

"मले बी नव्हतं येत."

आईने माऊस धरला. लेकीने तिच्या हातावर हात ठेवला नाही. नियम आहे ना आमचा. फक्त तोंडाने सांगत होती, "थोडं वर... अजून थोडं... आता दाब."

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी आपल्या घरात एकदा पाहा, माऊस कोणाच्या हातात आहे ते.